बाद गडी उठवणारा मास्तर

सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी मुलींच्या बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक होतो. मुख्य म्हणायचं कारण, दुसरा कोणी नव्हताच. हाताखाली एखादा असता तर त्याला मुख्य करून मला त्याच्या हाताखाली दिलं असतं, इतपत समज आमच्या प्राचार्यांना होती.

माझं नाव हंबीरराव. नाव ऐकून माणसं दाराकडे बघायची, आणि मी आत येऊन खुर्चीत बसलो तरी दाराकडेच बघत राहायची. उंची पाच फूट तीन इंच, तीही भरतीच्या वेळी टाचा थोड्या उचलल्या म्हणून. गाव कुंडल. थोरल्यानं ऊस बघायचा आणि धाकट्यानं पलटणीत जायचं, ही आमच्या घरची वाटणी. मी धाकटा. पंधरा वर्षं नोकरी झाली, त्यातली नऊ रंगरुटांना पी.टी. शिकवण्यात गेली. एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार होऊन घरी आलो, तेव्हा चावडीवर लोक लढाईच्या गोष्टी विचारायला जमले. लढाई चालू होती तेव्हा मी शंभर पोरांकडून उठाबशा काढून घेत होतो, हे सांगायला फार जड गेलं. मग मी नुसताच गंभीर चेहरा करून बसायचो. लोकांना वाटायचं, याला बोलवत नाही.

बहात्तर साली कॉलेजात मुलाखतीला गेलो. समोर पाच माणसं. एकानं विचारलं, बास्केटबॉलचा काही अनुभव? मी म्हणालो, रेजिमेंटच्या टीमबरोबर तीन वर्षं होतो साहेब. शपथेवर सांगतो, होतो. टीम जाईल तिथं मी जायचो. चेंडूत हवा भरायचो, हाफटाइमला लिंबाच्या फोडी वाटायचो आणि सगळ्यांचे कपडे राखायचो. एकदा एका सुभेदाराचं घड्याळ गेलं होतं, तेव्हापासून खेळाकडे पाठ करून कपड्यांकडे तोंड करून बसायचा मला हुकूम होता. तीन वर्षांत मी बास्केटबॉल ऐकला भरपूर, पाहिला जवळजवळ नाही. एवढा तपशील त्यांनी विचारला नाही आणि मीही दिला नाही. नोकरी लागली.

कॉलेजच्या मैदानात अनुदानातून आणलेले दोन लोखंडी खांब दोन वर्षं उभे होते. वॉचमनची बायको धोंडुबाई त्यांना दोरी बांधून लुगडी वाळत घालायची. अनुदानाच्या कागदावर 'मुलींचा संघ' असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि तपासणीला माणूस येणार होता. खांब होते, मुली आणायच्या होत्या. दोरी सोडायला गेलो तर धोंडुबाईंनी मला विचारलं, मग लुगडी काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू? माझ्या कारकिर्दीतला तो पहिला सामना, आणि तो मी हरलो. पुढचे चार महिने आम्ही लुगडी वाळल्यावर सराव करायचो.

नऊ मुली जमल्या. सगळ्या खो-खो खेळून आलेल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कंबरेला गच्च बांधलेली. पळायला एकेक अशी की मी शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहायचो. पण खो-खोत मधेच वळता येत नाही, दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो, आणि ती सवय त्यांच्या हाडात गेलेली. चेंडू हातात घेऊन सुसाट खांबापर्यंत जायच्या, खांबाला वळसा घालायच्या आणि पलीकडून परत यायच्या. वर एक कडी आहे, तिच्यात चेंडू टाकायचा असतो, हे आठवायला एकेकीला दोन फेऱ्या लागायच्या. मी ओरडायचो. कशावर ओरडायचं ते मला नीट माहीत नसायचं, पण आवाज पलटणीतला होता, तेवढ्यावर भागून जायचं.

पहिल्याच दिवशी मी मुलींना रांगेत उभं करून एक नियम सांगितला होता. मैदानावर सवाल नाही. मी सांगितलं की करायचं, का म्हणून विचारायचं नाही. याला मी शिस्त म्हणत होतो. खरं कारण असं की कोणी सवाल विचारला असता तर माझ्याकडे जवाब नव्हता.

या नऊजणींत एक मनू होती. खरं नाव मनुबाई, आजीवरून ठेवलेलं, पण तिला मनुबाई म्हटलं की ती उत्तर द्यायची नाही. वडूजची. वडील केरबा गुरुजी, तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. मनू इथं वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. उंचीला बेताची, पण हातातून चेंडू सुटला की तो कडीत जाणार हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखी ती वळून चालायला लागायची. मी तिला काही शिकवलं नाही. चेंडू कसा सोडायचा हे मी तिच्याकडे बघून शिकलो आणि बाकीच्या आठजणींना माझं म्हणून शिकवलं.

मनूचं एकच चाललेलं होतं. तिला खेळाची बाई व्हायचं होतं. वडूजच्या हायस्कुलात खेळाच्या तासाला मुलं मैदानात जायची आणि मुली पायरीवर बसून भरतकाम करायच्या, कारण मुलींना खेळवायला बाईच नव्हती. ती बाई आपण व्हायचं, असं तिनं आठवीतच ठरवलेलं. त्यासाठी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश हवा, आणि जागा थोड्या. विद्यापीठाच्या संघातून खेळलेली मुलगी असली की तिचा नंबर हमखास लागायचा, नाहीतर नाही. म्हणजे आधी विद्यापीठाच्या बाराजणींत निवड व्हायला पाहिजे. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर हे तिचं शेवटचं वर्ष. जे काय व्हायचं ते त्याच हिवाळ्यात होणार होतं, आणि ते घडवून आणायला परमेश्वरानं मला नेमलं होतं.

आता नियमांच्या पुस्तकाकडे येतो. ते मी पुण्याहून मागवलं होतं. इंग्रजीत होतं. शब्दकोश शेजारी घेऊन रोज दोन पानं वाचायची असा बेत केला. गणपती बसले तेव्हा अकराव्या पानावर होतो आणि दिवाळीलाही अकराव्याच. त्या पानावर लिहिलं होतं की पाच फाऊल झाले की खेळाडूनं बाहेर जायचं. पुढं वाचायची मला गरज वाटली नाही. बाहेर गेलेला गडी परत कसा येतो, हे कुंडलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा खरा खेळ कबड्डी. कबड्डीत आपण समोरचा एक गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी उठतो आणि परत आत येतो. बास्केटबॉलात बाद करणं नाही, तर मग आपला चेंडू कडीत पडला की आपला गडी उठत असणार. दुसरं काय असणार? मी पुस्तक मिटलं. मनूनं ते एकदा मागून नेलं, आठवड्यानं खाकी कव्हर घालून परत आणून दिलं. मी कव्हरावर छान अक्षरात नाव घातलं आणि कपाटात ठेवलं.

माझा हा शोध खरा आहे याचा पुरावाही मला मिळाला. साताऱ्याला मैत्रीचा सामना ठेवला होता. तिथल्या कॉलेजचे प्रशिक्षक भाऊसो. अंगानं आडवे, कानाची पाळी कुस्तीत मोडलेली, आणि माझ्यासारखेच कबड्डीतून आलेले. आमची बनू पाचवा फाऊल करून बाहेर आली. दोन मिनिटांनी मनूनं चेंडू टाकला आणि मी बनूला आत पाठवलं. मग त्यांच्या एका मुलीचे पाच झाले, त्यांचा चेंडू पडला, भाऊसोंनी तिला आत पाठवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांनी समाधानानं मान हलवली. शिट्टी संस्कृतच्या प्राध्यापकांकडे होती. चेंडू मैदानाबाहेर गेला की ते ती वाजवायचे, एरवी त्यांचं काही म्हणणं नसायचं. परत येताना एस.टी.त मी मुलींना म्हणालो, बघा, नियम पाठ असले की असं होतं. मनू खिडकीबाहेर बघत होती.

विभागाचा अंतिम सामना डिसेंबरात साताऱ्यालाच झाला. समोर कोल्हापूरचा संघ. पंच बाहेरून मागवलेले, पांढऱ्या पँटीतले. मांडवात निवड समितीची तीन माणसं वह्या घेऊन बसलेली. मी घरी रंगूबाईकडून, म्हणजे आमच्या मंडळींकडून, पोरींच्या कुडत्यांवर आकडे शिवून घेतले होते. तिनं सहाचा आणि नवाचा एकच कागद उलटसुलट धरून कापला होता, त्यामुळं आमच्यात दोन सहा नंबर होते. पंचांनी त्यावरून दहा मिनिटं घालवली.

खेळ मात्र उत्तम चालला. मनूनं पहिल्या अर्ध्यातच चौदा गुण केले. समितीतला एक चष्मेवाला प्रत्येक वेळी वाकून वहीत काहीतरी लिहायचा. मी मनात म्हणालो, झालं, पोरगी गेली विद्यापीठात. आठ मिनिटं उरली. आम्ही एका गुणानं पुढं. मनूचे चार फाऊल झालेले. कोल्हापूरची एक उंच पोरगी चेंडू घेऊन एकटीच आमच्या खांबाकडे सुटली. तिच्या वाटेत फक्त मनू.

मी उठून उभा राहिलो आणि पलटणीतल्या आवाजात ओरडलो, "मनू, धर तिला! बाद झालीस तरी चालंल, मी उठवतो तुला!"

मनूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात ती बाजूला होऊ शकली असती. झाली नाही. तिनं त्या पोरीला धरलं, पंचांनी शिट्टी वाजवली, पाच बोटं दाखवली, आणि मनू येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली.

पुढच्याच मिनिटाला बनूनं चेंडू टाकला. मी मनूच्या पाठीवर थाप मारली, म्हणालो, ऊठ, झालीस जिवंत. ती उठेना. मी तिचा दंड धरून तिला उठवलं आणि रेघेच्या आत ढकललं. पंच पळत आले. मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की आमचा चेंडू पडलेला आहे, सबब आमचा एक गडी उठलेला आहे. त्यांना कळेना. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मांडवापर्यंत ऐकू जाईल असं. आधी कोल्हापूरचा बाक हसायला लागला, मग मांडव, मग सगळं मैदान. भाऊसो प्रेक्षकांत बसले होते. ते एकटे हसत नव्हते, उलट उठून माझ्या बाजूनं बोलायला लागले, त्यामुळं लोक आणखी हसले.

आम्ही सात गुणांनी हरलो. मनू शेवटपर्यंत बाकावर बसून होती. आठवड्यानं बारा नावांची यादी आली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. समितीच्या वहीतला शेरा भाऊसोंनी कुठून तरी काढून आणला. मुलगी खेळते चांगली, पण जाणूनबुजून फाऊल करते, नियमांची जाण नाही. नियमांची जाण नाही हा शेरा मनूच्या नावापुढं होता. माझं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

त्या रविवारी विट्याला गाडी बदलून मी वडूजला गेलो. मनू नाताळच्या सुट्टीत घरी आली होती. वाटेत मी माफीचं भाषण तयार केलं. केरबा गुरुजींनी जय भीम म्हणून आत घेतलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचं फडताळ, त्यात इंग्रजी पुस्तकंही. ते फडताळ बघून मला माझं अकरावं पान आठवलं. चहा झाला. मी भाषण सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलो. म्हणालो, मला नियम माहीत नव्हता, पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिचं वाटोळं झालं.

मनू उंबऱ्याजवळ शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत हुता सर."

"काय माहीत होता?"

"नियम. पाच झालं की गडी परत येत न्हाई. मी पुस्तक समदं वाचलं हुतं. वहीत उतरून घेतलंय."

मी विचारलं, मग धरलंस कशाला त्या पोरीला?

"तुमी वरडला. आता समद्यांम्होरं ऐकलं न्हाई तर तुमचं काय ऱ्हायलं आसतं?" मग आणखी एक शेंग फोडून म्हणाली, "आन् मैदानावर सवाल न्हाई, आसं तुमीच सांगितलं हुतं. साताऱ्याच्या गाडीत मी सांगणार हुते. पर तुमी लय खुशीत हुता."

गुरुजी उठून बाहेर गेले. मला लाज वाटली. नोकरीत मी शिव्या खाल्ल्या, एकदा परेडवर बुटाचा तळ सुटून सगळ्या बटालियनसमोर अनवाणी चाललो, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. एकवीस वर्षांची पोरगी मला झाकून घेत होती, आणि मी समजत होतो की मी तिला घडवतोय. मी तिला विचारलं की आता काय करायचं. मुलींपैकी कोणाला मी आयुष्यात पहिल्यांदाच असं विचारत होतो.

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तिच्याकडे उत्तर तयार होतं. संघ जायच्या आधी समिती एक राखीव मुलगी निवडते. तिची चाचणी व्हायची आहे. तुम्ही समितीला लिहून कळवा की फाऊल तुमच्या सांगण्यावरून झाला, आणि तुम्ही का सांगितलंत तेही लिहा, नाहीतर ते विश्वास ठेवणार नाहीत.

का सांगितलं ते लिहायचं म्हणजे सगळंच लिहायचं. मी घरी आलो आणि दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. पत्र समितीला जाणार, पण कॉलेजच्या नोकरानं कुठलंही पत्र प्राचार्यांमार्फत धाडायचं असतं. म्हणजे मी बास्केटबॉल कधी खेळलोच नाही हे वाचून, त्यावर सही करून, प्राचार्य ते पुढं पाठवणार. आणि मग मला कुंडलला. तिथं ऊस थोरल्याच्या ताब्यात, आणि थोरल्याची बायको माझ्या बायकोशी तीन वर्षं बोलत नव्हती.

रंगूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लिवा की. तुमी खोटं बोलताना तुमचं कान हालत्यात. समद्यास्नी दिसतंय, कोण बोलत न्हाई इतकंच."

मी लिहिलं. मी आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळलेलो नाही, रेजिमेंटमध्ये कपडे राखायला होतो, पाचव्या फाऊलानंतर गडी उठतो हा नियम मी कबड्डीतून घेतला, सदर मुलीचा यात काही दोष नाही. खाली सही केली आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून सावधान उभा राहिलो.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला विचारलं, हे सगळं खरं? मी म्हणालो, हो. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले की त्या जागेसाठी अर्ज एकच आला होता, आणि मुलाखतीत माझे कान हलताना त्यांनीही पाहिले होते. त्यांनी सही केली. वर सांगितलं की पुस्तकाचं अकरावं पान सोडून बाकीचीही वाचून काढा, आठवड्यानं मी विचारीन. पुढच्या सोमवारी त्यांनी खरंच विचारलं. मी पोपटासारखं म्हणून दाखवलं, कारण मनूच्या वहीत ते सगळं मराठीत होतं.

चाचणी झाली. मनूनं वीस वेळा चेंडू टाकला, अठरा वेळा आत गेला. चष्मेवाल्यानं मला बोलावून विचारलं, हिला कोणी शिकवलं? मी म्हणालो, मी नाही. मनू राखीव झाली. तेरावी. बाराजणींतली एखादी आजारी पडली, एखादीला घरून सोडलं नाही, तर हिनं जायचं. त्या तीन आठवड्यांत मी काय काय मागितलं ते सांगायला नको. औदुंबरला जाऊन दत्ताला नारळ फोडला आणि म्हणालो, बाराजणींपैकी एकीला, जास्त नको, जरा थंडीताप येऊ दे. देवाला असलं काही मागायला मला लाज वाटली नाही. सगळ्याजणी ठणठणीत राहिल्या.

स्पर्धा त्या वर्षी खाली कर्नाटकात होत्या, म्हणून संघ मिरजेला जमून छोट्या लाइनीच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीनं जाणार होता. राखीव मुलीनंही बॅग भरून स्टेशनवर यायचं होतं. मी मनूला घेऊन गेलो. सकाळचे साडेदहा. फलाटावर विद्यापीठाचे मरून रंगाचे कोट घातलेल्या मुली, त्यांच्या आया, डबे, पाण्याच्या सुरया. मनूला कोट नव्हता. संघाच्या व्यवस्थापक बाई हातात यादी घेऊन नावं घेत होत्या. एकेक मुलगी हो म्हणून डब्यात चढत होती. अकरा झाल्या. बारावी, साताऱ्याची, आलेली नव्हती.

बाईंनी नाव पुन्हा घेतलं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. बाई म्हणाल्या, पाच मिनिटं बघू, नाहीतर तुम्ही बसा. हे त्यांनी मनूला सांगितलं. मनूनं बॅग उचलून हातात घेतली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी हात मागं बांधून उभा राहिलो आणि स्टेशनच्या घड्याळाकडे बघायला लागलो. सुटायला चार मिनिटं. तीन. बाईंनी यादीवर पेन टेकवलं आणि मनूला म्हणाल्या, चला, चढा. मनूनं एक पाय डब्याच्या पायरीवर ठेवला.

आणि तो तसाच ठेवून ती थांबली. रुळांच्या पलीकडे, मोठ्या लाइनीच्या फलाटावर, मरून कोटातली एक पोरगी ट्रंक घेऊन इकडेतिकडे बघत होती. पुण्याकडून आलेल्या गाडीतून उतरून ती तिथंच उभी होती. दोन लाइनींचे फलाट मिरजेला वेगळे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपली गाडी कुठं लागते ते कळेना म्हणून रडकुंडीला आली होती.

मनूनं पायरीवरचा पाय काढला, बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "ए, हिकडं! तुजी गाडी हिकडं हाय! पुलावरनं ये, पळ!"

ती पोरगी पळत सुटली. मनू तिला पुलाच्या पायऱ्यांवर सामोरी गेली, तिची ट्रंक घेतली आणि गाडी हलता हलता तिला आत ढकलून ट्रंक खिडकीतून सारली. गाडी गेली. फलाटावर आया राहिल्या, आणि आम्ही दोघं. मनूला धाप लागली होती. तिनं बॅग उचलली आणि विचारलं, उद्या सकाळचा सराव साडेसहाला ना? मी म्हणालो, हो.

शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात तिला जागा मिळाली नाही. दोन वर्षं तिनं वडूजच्या हायस्कुलात इतिहास शिकवला, आणि खेळाच्या तासाला मुलींना पायरीवरून उठवून मैदानात न्यायची, पगार न घेता. तिसऱ्या वर्षी हेडमास्तरांनी तिला खेळाचीही बाई करून टाकलं.

मी आता बऱ्यापैकी प्रशिक्षक आहे. पुस्तक पाठ आहे, मुलींना विचारल्याशिवाय काही ठरवत नाही, आणि अठ्ठ्याहत्तर साली आम्ही विभाग जिंकलोही. सत्काराला प्राचार्यांनी माझ्या त्या पत्राची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, स्वतःची चूक लिहून देणारा असा प्रामाणिक माणूस मिळणं कठीण. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. मिरजेच्या फलाटावर तो मरून कोट मनूला दिसायच्या चांगली चार मिनिटं आधी मला दिसला होता. ती पोरगी ट्रंक खाली ठेवून डोळे पुसत होती तेही दिसलं होतं. म्हणून तर मी घड्याळाकडे बघत होतो.